शोधयंत्रे व व्यापारनामांचे स्पेलिंग

शोधयंत्रे व व्यापारनामांचे स्पेलिंग : इंटरनेटवरील शोधयंत्रात एखादे नाव टंकलिखित केले असता त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे नाव सुचविण्याची, किंवा न विचारताच त्या दुसऱ्या नावाविषयीची माहिती पुढे ठेवण्याची व्यवस्था आणि नव्याने स्थापन झालेल्या व्यवसायांच्या नावांवर होणारा तिचा परिणाम. ही व्यवस्था मुळात टंकलेखनातील चुका सुधारण्यासाठी निर्माण झाली. तथापि चूक आणि नवनिर्मिती यांचे बाह्यरूप पुष्कळदा एकच असते. प्रचलित शब्दातील एखादे अक्षर अनवधानाने गाळले, तर ती चूक होय. तेच अक्षर व्यावसायिकाने हेतुपुरस्सर गाळले, तर ते व्यापारनाम होय. हा भेद केवळ अक्षरे पाहून करता येत नाही. शिवाय व्यापारचिन्हविषयक कायद्याची अपेक्षा अशी, की नाव इतरांपेक्षा वेगळे व शक्यतो अपरिचित असावे. शोधयंत्र मात्र परिचिततेलाच शुद्धतेचे गमक मानते. नव्या व्यवसायास या दोन परस्परविरोधी कसोट्यांना एकाच वेळी उतरावे लागते.

पूर्वपीठिका : मुद्दाम बिघडविलेल्या स्पेलिंगची व्यापारनामे इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध असलेले ‘कोडॅक’ हे नाव जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली घडविले. त्यास कोणत्याही भाषेत अर्थ नव्हता आणि तेच त्याचे बळ ठरले. ‘के’ हे अक्षर ईस्टमन यांना विशेष आवडत असे. अमेरिकेतील नॅशनल बिस्किट कंपनीने १८९८ साली बाजारात आणलेल्या ‘युनीडा’ बिस्किटांच्या नावात ‘तुम्हांस हवे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्यच एका शब्दात दडविले होते. पुढील दोन-तीन दशकांत ‘सी’ऐवजी ‘के’ लिहिण्याची लाटच आली. भाषाभ्यासक लुईस पाउंड यांनी १९२५ साली अमेरिकन स्पीच या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षात या ‘के’च्या वेडावर लेख लिहिला. व्यापारनामांच्या घडणीकडे त्यांनी १९१३ पासूनच लक्ष वेधले होते.

अशा नावांना कायद्याने सरसकट अभय दिले असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये १९०९ साली गाजलेल्या ‘ओर्लवूला’ प्रकरणात एका कापड-व्यावसायिकाने हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याची मागणी केली होती. कागदावर शब्द नवा दिसत असला, तरी उच्चारताच ‘ऑल वूल’, म्हणजे ‘निव्वळ लोकर’, हे शब्द कानी पडतात. माल खरोखरच निव्वळ लोकरीचा असेल, तर नाव वर्णनात्मक ठरते आणि नसेल, तर फसवे ठरते. म्हणून दोन्ही परींनी ते नोंदणीस अपात्र, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. येथे न्यायाधीशांनी जे केले, तेच शोधयंत्र पुढे करू लागले : लिहिलेल्या अक्षरांमागे ऐकणाऱ्याच्या मनात कोणता परिचित शब्द उभा राहतो, हे पाहणे. भारतातही १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ या औषधनामांच्या वादात, सामान्य बुद्धीचा व अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक कोणत्या नावाने गोंधळेल, हीच कसोटी लावली आणि दोन नावांत फसवे साम्य असल्याचा निष्कर्ष काढला.

नावांतील साम्य यांत्रिक रीतीने ठरविण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न संगणकापूर्वीचा आहे. रॉबर्ट रसेल यांना १९१८ व १९२२ साली अमेरिकेत त्यासंबंधी एकस्वे मिळाली. ‘साउंडेक्स’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या रीतीत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात, पुढील स्वर गाळतात आणि उच्चारसाम्य असलेल्या व्यंजनांना एकच अंक देतात. अशा रीतीने एक अक्षर व तीन अंक यांचा संकेत तयार होतो. ‘रॉबर्ट’ आणि ‘रूपर्ट’ यांचा संकेत एकच येतो. अमेरिकेतील जनगणनेच्या जुन्या कागदपत्रांच्या सूची करताना या रीतीचा मोठा उपयोग झाला. कारण एकाच कुटुंबाचे आडनाव निरनिराळ्या प्रगणकांनी निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले असे. रीतीची उणीवही उघड होती. पहिले अक्षर कायम राहत असल्याने ‘के’ने आणि ‘सी’ने सुरू होणारी, उच्चाराने एकच असलेली दोन नावे तीत वेगळी पडत, म्हणजे व्यापाऱ्यांची ज्या अक्षरबदलावर सर्वांत अधिक भिस्त होती, नेमका तोच या रीतीच्या पकडीत येत नसे.

संगणकीय शुद्धिकरण : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लेस अर्नेस्ट यांनी १९६१ च्या सुमारास हस्ताक्षर ओळखणाऱ्या संगणक-कार्यक्रमास सुमारे दहा हजार शब्दांची यादी जोडली, शब्द यादीत आहे की नाही एवढेच ती सांगू शके. आयबीएममधील फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले, की तपासलेल्या स्पेलिंग-चुकांपैकी सुमारे ८० टक्के चुका चारच प्रकारांत मोडतात : एक अक्षर अधिक पडणे, एक गळणे, एकाच्या जागी दुसरे येणे, किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट होणे. सोव्हिएट गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली, स्पेलिंगच्या नव्हे तर संकेतवहनाच्या संदर्भात, दोन अक्षरमालिकांमधील ‘अंतर’ ही कल्पना मांडली. एका मालिकेचे दुसरीत रूपांतर करण्यासाठी कमीत कमी किती अक्षरे घालावी, काढावी वा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे हे अंतर. स्टॅनफर्ड विद्यापीठात राल्फ गोरिन यांनी १९७१ साली तयार केलेला कार्यक्रम चूक दाखवून थांबत नसे. एका अक्षराच्या फरकाने जवळ असलेले पर्यायही तो सुचवी. आजच्या सूचनांचे मूळ तेथे आहे.

या सर्व रीतींचा पाया शब्दकोश हा होता. शब्दकोशात व्यापारनामे नसतात. त्यामुळे त्या काळातील यंत्रणेच्या लेखी प्रत्येक व्यापारनाम, मग ते कितीही प्रसिद्ध असो, चुकीचेच होते. लेखकाने ते एकदा ‘माझ्या यादीत घाला’ असे सांगितले की काम भागे, आणि चूक ज्याच्या टेबलावर होई त्याच्याच टेबलावर ती मिटे. शोधयंत्राच्या बाबतीत अशी सोय उरली नाही. कारण तेथे नाव टंकलिखित करणारा ग्राहक असतो आणि परिणाम भोगावा लागतो तो दुकानदाराला.

संभाव्यतेची रीत : अंतर मोजल्याने जवळचे शब्द मिळतात, परंतु त्यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे कळत नाही. त्यासाठी क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील संदेशवहन-सिद्धांताचा आधार घेण्यात आला. लिहिणाऱ्याच्या मनातील शब्द गोंगाट असलेल्या मार्गाने प्रवास करून विकृत रूपात पोहोचतो, असे कल्पून मूळ शब्दाचा अदमास बांधावयाचा, हे तिचे सूत्र होय. बेल प्रयोगशाळेतील मार्क कर्निगहन, केनेथ चर्च व विल्यम गेल यांनी १९९० साली ते स्पेलिंगला लावून दाखविले. प्रत्येक पर्यायासाठी दोन गोष्टी पाहावयाच्या : तो शब्द एरवी किती वेळा वापरला जातो आणि तो लिहिताना ही विशिष्ट चूक होण्याचा संभव किती. दोहोंचा गुणाकार ज्याचा सर्वाधिक, तो शब्द सुचवावयाचा.

नव्या नावाची अडचण या गुणाकारातच दडलेली आहे. समजा, एका परिचित नावाची विचारणा एका विशिष्ट काळात एक लाख वेळा झाली आणि ते लिहिताना एक ठराविक अक्षर हजारात एकदा चुकते. म्हणजे ते चुकलेले रूप शंभर वेळा आढळेल. आता हेच रूप कोणी आपल्या नव्या दुकानाचे नाव म्हणून घेतले आणि त्याची खरी विचारणा त्या काळात दहा वेळा झाली, तर यंत्रणेला ते रूप एकूण ११० वेळा दिसेल. त्यांपैकी शंभर जणांना परिचित नावच हवे होते. तेव्हा परिचित नाव सुचविणारी यंत्रणा अकरातून दहा वेळा बरोबर ठरते. नव्या दुकानाचे मात्र सगळेच ग्राहक त्या उरलेल्या अकराव्या हिश्शात असतात. यंत्रणेत दोष आहे असे येथे म्हणता येत नाही. बहुसंख्यांच्या सोयीसाठी आखलेल्या नियमाने अल्पसंख्येचे संपूर्ण नुकसान होते, एवढेच.

शोधयंत्रांतील वापर : गूगल या शोधयंत्राने प्रारंभी स्पेलिंग तपासण्यासाठी दुसऱ्या कंपनीची शब्दकोशावर आधारलेली यंत्रणा परवान्याने घेतली होती. ‘टर्बोटॅक्स’ हे करविवरणे भरण्याच्या एका प्रसिद्ध संगणक-कार्यक्रमाचे नाव टंकलिखित केले, की ती ‘टर्बट ॲक्स’ असे सुचवी. टर्बट हा चपट्या माशाचा एक प्रकार आहे आणि ॲक्स म्हणजे कुऱ्हाड. दोन्ही शब्द कोशात असल्याने यंत्रणेच्या मते सूचना निर्दोष होती! २००० साली तेथे रुजू झालेल्या नोअम शझीर यांनी या कामात मोठी सुधारणा केली. नव्या रीतीत कोशाची जागा प्रत्यक्ष वापराने घेतली. लोक काय टंकलिखित करतात आणि जाळ्यावरील पृष्ठांवर काय लिहिलेले असते, हेच प्रमाण झाले.

वापर हा कोश म्हणून किती समर्थ असतो, हे गूगलने एका नमुन्याने दाखविले. गायिका ब्रिटनी स्पिअर्स हिचे नाव वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रकारे लिहिले होते. त्यांपैकी शुद्ध रूप ४,८८,९४१ वेळा आले, तर सर्वाधिक आढळणारे चुकीचे रूप ४०,१३४ वेळा. चुका पुष्कळ असल्या, तरी त्या विखुरलेल्या असतात व शुद्ध रूप एका ठिकाणी साचते. त्यामुळे कोणताही कोश न उघडता गर्दीवरूनच शुद्ध रूप ओळखता येते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील सिल्व्हिउ कुसेर्झान व एरिक ब्रिल यांनी २००४ साली हेच तत्त्व शास्त्रीय रीतीने मांडले. शोधयंत्रांकडे येणाऱ्या विचारणांपैकी सुमारे १० ते १५ टक्के विचारणांत चुका असतात, असे त्यांनी नमूद केले. फार बिघडलेले नावसुद्धा एका झेपेत नव्हे, तर कमी चुकीच्या रूपांच्या पायऱ्यांनी शुद्ध रूपापर्यंत नेता येते, असेही त्यांनी दाखविले. कारण प्रत्येक पायरीवरील रूप आधीच्यापेक्षा अधिक लोकांनी लिहिलेले असते.

या बदलाने व्यापारनामांच्या जगात एक फाळणी झाली. कोशाच्या काळात सर्वच व्यापारनामे अशुद्ध होती. वापराच्या काळात प्रसिद्ध व्यापारनामे शुद्ध ठरली, इतकेच नव्हे तर तीच इतरांना सुधारू लागली. नवी नावे मात्र होती तेथेच राहिली. ज्याचे नाव रुळले, त्याच्या बाजूने यंत्रणा उभी राहते. ज्याचे रुळावयाचे आहे, त्याच्या वाटेत ती आडवी येते. बाजारात जुन्या पेढीला मिळणारा हा लाभ नवा नाही, परंतु पूर्वी रस्त्यावर पाटी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘तुम्हांला शेजारचे दुकान हवे होते काय?’ असे विचारणारा कोणी दारात उभा नसे.

गूगल हे नावही अशाच एका अक्षरभेदातून जन्मले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. एकावर शंभर शून्ये या संख्येस ‘गूगॉल’ हे नाव गणितज्ञ एडवर्ड कॅसनर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याने सुचविले होते व कॅसनर आणि जेम्स न्यूमन यांच्या १९४० मधील ग्रंथामुळे ते सर्वतोमुखी झाले. स्टॅनफर्डमध्ये सांगितल्या जाणाऱ्या हकीकतीनुसार लॅरी पेज यांना तेच नाव हवे होते. पत्ता उपलब्ध आहे काय हे पाहताना एका सहकाऱ्याने स्पेलिंग चुकीचे लिहिले आणि ते पेज यांना आवडले. १५ सप्टेंबर १९९७ रोजी त्या नावाची नोंदणी झाली. शेवटून दुसरा ‘ओ’ काढावयाचा आणि शेवटी ‘ई’ लावावयाचा, असे हे अंतर दोन भरते. त्या दिवशी आजची सुधारणा-यंत्रणा अस्तित्वात असती, तर तिने हे नाव चूक म्हणूनच परत केले असते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिघडविलेल्या स्पेलिंगची दुसरी लाट आली. तिचे कारण मुख्यतः व्यावहारिक होते : इंग्रजीतील सोप्या शब्दांचे इंटरनेट-पत्ते आधीच इतरांनी घेऊन ठेवले होते. छायाचित्रांच्या ‘फ्लिकर’ (२००४) या सेवेने शेवटच्या ‘आर’पूर्वीचा ‘ई’ गाळला. ‘टंब्लर’ने (२००७) तेच केले. भाड्याच्या मोटारींच्या ‘लिफ्ट’ने (२०१२) ‘आय’च्या जागी ‘वाय’ घातला. २००६ साली सुरू झालेल्या ‘ट्विटर’ने तर प्रथम सगळेच स्वर वगळले होते, पण लवकरच ते परत घेतले (या सेवेचे नाव जुलै २०२३ मध्ये ‘एक्स’ असे बदलण्यात आले). डॅमेराऊ यांनी सांगितलेल्या चार चुकांपैकी दोन, म्हणजे अक्षर गळणे व बदलणे, या नावांत नियम म्हणून वापरलेल्या दिसतात. यांतील जी नावे टिकली, ती आज शोधयंत्रांना पूर्ण परिचित आहेत. जी टिकली नाहीत, त्यांची गणना कोणी केलेली नाही. म्हणून यशस्वी नावांच्या उदाहरणांवरून ‘विचित्र स्पेलिंग लाभदायक असते’ असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होय.

सूचना दोन तऱ्हांनी दिली जाते. सौम्य तऱ्हेत मागितलेल्या नावाचीच माहिती येते व माथ्यावर ‘तुम्हांला अमुक म्हणावयाचे होते काय?’ असा प्रश्न असतो. दुसऱ्या तऱ्हेत यंत्रणा स्वतःच नाव बदलते आणि मूळ शब्द शोधण्याची सोय खाली लहान अक्षरांत ठेवते. यंत्रणेची खात्री जितकी अधिक, तितकी दुसरी तऱ्हा संभवते. नव्या व्यवसायाला खरी झळ लागते ती हिची. पहिल्या तऱ्हेत ग्राहक थबकतो. दुसरीत तो आपण चुकलो असे समजून पुढे जातो आणि पुष्कळदा स्पर्धकाच्या दारी पोहोचतो.

यातून सुटका होते ती पुराव्याच्या संचयाने. बदललेले नाव नाकारून मूळ नावच शोधणारे लोक वाढले, त्या नावाचा उल्लेख निरनिराळ्या पृष्ठांवर एकाच स्पेलिंगने होऊ लागला, नावाबरोबर गावाचे वा मालाचे नाव लिहिले जाऊ लागले, म्हणजे ते स्वतंत्र नाव असल्याचे यंत्रणेला कळू लागते. शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घातल्यास गूगलमध्ये नेमका तोच शब्द शोधला जातो, परंतु नवख्या ग्राहकाकडून ही अपेक्षा करता येत नाही. गूगलने मे २०१२ मध्ये व्यक्ती, स्थळे व संस्था यांचा परस्परसंबंध नोंदणारा ज्ञानसंग्रह सुरू केला. त्यामुळे नाव म्हणजे केवळ अक्षरमालिका नसून कोणत्या तरी वस्तूचा निर्देश आहे, ही दृष्टी आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ६८ कोटी प्राचलांच्या चेताजालावर आधारलेली शुद्धिकरणाची नवी रीत त्याच कंपनीने जाहीर केली, तेव्हा दहांतील एक विचारणा चुकीच्या स्पेलिंगची असते असे सांगण्यात आले. ही रीत शेजारच्या शब्दांवरून अर्थ जोखते. तथापि रोज येणाऱ्या विचारणांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न आलेल्या असतात, असेही गूगल वारंवार सांगत आली आहे. अशा विचारणेसाठी गतकाळाचा पुरावा मुळातच नसतो; तेथे कोणत्याही रीतीला अदमासच करावा लागतो.

न्यायालयीन बाजू : व्यापारचिन्हाची नोंदणी झाली म्हणून शोधयंत्राची सूचना बदलत नाही. नोंदणी हा दुसऱ्याला मज्जाव करण्याचा हक्क आहे. लोकांनी काय टंकलिखित करावे याच्याशी तिचा संबंध नाही. भारतातील १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार (अंमल २००३ पासून) केवळ वर्णनात्मक नाव सामान्यतः नोंदता येत नाही आणि आधीच्या चिन्हाशी फसवे साम्य असलेलेही नोंदता येत नाही. म्हणजे सोपा शब्द कायदा देत नाही आणि थोडा वाकविलेला शब्द यंत्र सरळ करून टाकते.

एका अक्षराच्या अंतराचा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे लवकरच आला. मुंबईच्या ‘रेडिफ’ या कंपनीने ‘रॅडिफ’ असा पत्ता घेणाऱ्यांविरुद्ध दाद मागितली; रोमन लिपीत ‘ई’च्या जागी ‘ए’ एवढाच फरक होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली मनाई-हुकूम देताना इंटरनेट-पत्ता हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळण्यास पात्र असल्याचे मानले. ‘सत्यम् इन्फोवे’ या कंपनीने आपल्या नावातील अक्षरांपासून ‘सिफी’ हा नवाच शब्द घडविला होता; दुसऱ्या कंपनीने त्यात एक ‘एफ’ अधिक घालून पत्ता घेतला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. या दोन्ही खटल्यांत नक्कल करणारा उघड होता. शोधयंत्राच्या सूचनेत मात्र नक्कल करणारा कोणीच नसतो. दोन्ही व्यवसाय प्रामाणिक असू शकतात आणि तरीही एकाचे ग्राहक दुसऱ्याकडे वळतात.

सूचनेबद्दल शोधयंत्राला जबाबदार धरावे काय, याविषयी युरोपातील न्यायालयांत एकमत नाही. तेथील प्रमुख खटले स्पेलिंगचे नसून, नाव लिहू लागताच त्यापुढे आपोआप जोडल्या जाणाऱ्या बदनामीकारक शब्दांचे होते. पण प्रश्न जवळचाच आहे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने मे २०१३ मध्ये, तक्रार कळविल्यानंतरही सूचना न काढल्यास शोधयंत्र जबाबदार ठरू शकते, असे म्हटले. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या कॅसेशन न्यायालयाने, अशी सूचना आपोआप होणाऱ्या प्रक्रियेचे फलित असून तीत चालकाची स्वतःची अभिव्यक्ती नाही, असा अभिप्राय दिला. निव्वळ पर्यायी स्पेलिंग सुचविण्यात बदनामी नसते, हेतू नसतो आणि खोटेपणाही नसतो. म्हणून नुकसान खरे असूनही त्यास कायद्याच्या भाषेत नाव देणे कठीण जाते.

मराठी नावे : रोमन लिपीत मराठी नावे लिहिण्याची एकच सर्वमान्य पद्धत नसल्याने महाराष्ट्रातील व्यावसायिकांपुढे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. ‘ज्ञ’ हे अक्षर मराठी माणूस रोमनमध्ये ‘डी-एन-वाय’ असे लिहितो, हिंदी भाषक ‘जी-वाय’ लिहितो आणि संस्कृतच्या अभ्यासकांत ‘जे-एन’ असे लेखन रूढ आहे. ‘विज्ञान’ किंवा ‘ज्ञानदीप’ यांसारख्या शब्दांवरून घेतलेले मराठी वळणाचे नाव हिंदी वळणाकडे ढकलले जाण्याचा संभव त्यामुळे अधिक. कारण हिंदी वळणाने लिहिणारे संख्येने जास्त आहेत. येथे दोन्ही रूपे शुद्ध आहेत. यंत्रणा चूक सुधारत नसून एका प्रांताचे लेखन दुसऱ्या प्रांताच्या लेखनाने बदलत असते. ‘लक्ष्मी’तील ‘क्ष’साठी ‘एक्स’ लिहावे की ‘के-एस-एच’, ‘श्री’च्या शेवटी एक ‘आय’ द्यावा की दोन ‘ई’, हे प्रत्येक पेढीने आपापल्या मर्जीने ठरविलेले असते आणि जुनी पाटी बदलण्यास सहसा कोणी तयार नसतो. याच्या उलट अडचण काही आडनावांची आहे. ‘मोरे’, ‘साने’, ‘काळे’ ही नावे रोमनमध्ये लिहिली, की इंग्रजीतील अनुक्रमे ‘अधिक’, ‘शहाणा’ व एक पालेभाजी या अर्थांच्या शब्दांशी अक्षरशः जुळतात. त्यांना कोणी सुधारत नाही. ती नुसती बुडून जातात.

देवनागरीतही शुद्ध रूप सर्वस्वी निश्चित नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनुसार ‘कवि’, ‘गुरु’ यांसारखे तत्सम शब्द ‘कवी’, ‘गुरू’ असे दीर्घान्त झाले, पण समासाच्या प्रारंभी ते ऱ्हस्वच राहिले. शिवाय नियमांपूर्वी स्थापन झालेल्या पेढ्यांच्या व संस्थांच्या नावांत जुने लेखन चालू राहिले. अशा स्थितीत ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकावरून कोणते नाव चुकले, हे गर्दीच्या आकड्यांवरून ठरविणे धोक्याचे ठरते. याहून सूक्ष्म अडचण सांकेतिक लेखनाची आहे. संगणकासाठी लिप्यांचे संकेत ठरविणाऱ्या युनिकोड प्रमाणकात ‘ॲ’ या अक्षरासाठी स्वतंत्र संकेत २००८ साली आला. त्यापूर्वी ते ‘अ’ व चंद्र अशा दोन संकेतांनी लिहीत व आजही पुष्कळ ठिकाणी तसेच लिहितात. ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतील अर्धा ‘र’ लिहिण्याच्याही दोन रीती प्रचारात आहेत. ‘ॲग्रो’, ‘ॲकॅडमी’ यांसारखे शब्द ज्या नावांत असतात, त्यांची दोन रूपे डोळ्यांना तंतोतंत एक दिसली, तरी यंत्राच्या लेखी भिन्न असतात आणि ती एकच मानण्याची तरतूद यंत्रणेत मुद्दाम करावी लागते.